अलॉय चाकं घेताना फक्त इंच विचारून चालणार नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत टायरच्या कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं : किती इंची, आणि डिझाइन कुठलं? दुकानदार तेवढ्याचंच उत्तर देतो. तासाभरात चारही चाकं बदलली जातात, फोटो निघतो आणि गाडी रस्त्याला लागते. ते चाक त्या गाडीला खरोखर बसलं आहे का, हे मात्र या दोन उत्तरांतून कळत नाही. वाळूजला टायर तयार होतात, शेंद्र्याला मोटारी जोडल्या जातात. अशा भागात तरी चाक बसवण्याचं काम मोजून-मापून व्हायला हवं, म्हणून हे सविस्तर पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर आकडे तेवढे राहू द्यावेत ही विनंती.

रुंद टायर आणि खोलगट रिमची आपल्याकडची आवड अमेरिकन मसल कारवरून आली. तिथे त्या रुंदीला कारण आहे. पुढे मोठं व्ही-८ इंजिन आणि ताकद मागच्या चाकांना, म्हणून ती ताकद रस्त्यावर उतरवायला मागे रुंद टायर लागतात. १९६४ साली आलेली फोर्ड मस्टँग २०१६ पासून पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनासह भारतातही विकली गेली आणि तिच्यासारखी दिसणारी चाकं आपल्या बाजारात आली. पण स्विफ्ट, बलेनो किंवा क्रेटाला ताकद मिळते ती पुढच्या चाकांना. अशा गाडीला फक्त मागे रुंद टायर घातले, तर जिथे पकड हवी तिथे ती वाढतच नाही. वेगात वळण घेताना गाडीचं तोंड बाहेर ओढलं जातं, आणि पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून सारखे झिजवण्याची सोयही जाते. या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे हवेत.

खरी गफलत होते ती पीसीडीत. नट ज्या वर्तुळावर बसतात त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. मस्टँगचं माप ५×११४.३, म्हणजे पाच नट आणि साडेचार इंचांचं वर्तुळ. इनोव्हा क्रिस्टा आणि क्रेटा यांचंही ५×११४.३ च आहे. त्यामुळे मस्टँगसाठी ओतलेलं चाक क्रिस्टावर सहज चढतं आणि दुकानदार 'परफेक्ट फिटिंग' म्हणून मोकळा होतो. आता मधलं भोक मोजा. मस्टँगच्या चाकाचं भोक ७०.५ मिलिमीटरचं, तर क्रिस्टाच्या हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाची, कडा ६०.१ ची. चहूबाजूंनी पाच मिलिमीटरहून जास्त फट राहते. नटांची भोकंही १४ मिलिमीटरच्या स्टडसाठी (नट ज्यावर आवळतात त्या आट्यांच्या दांड्यांसाठी) पाडलेली असतात आणि क्रिस्टाचे स्टड १२ चे. वर्तुळ जुळलं, बाकी काहीच जुळलं नाही.

याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा. डॉज चॅलेंजर या दुसऱ्या अमेरिकन मसल कारचं वर्तुळ ११५ चं आहे. ११४.३ चं चाक त्यावर ओढूनताणून बसतं, कारण फरक मिलिमीटरभराचाही नाही. आपल्याकडे हाच घोळ जुन्या फियाट पुंटो-लिनियाच्या बाबतीत होतो. त्यांचं माप ४×९८, मारुतीच्या छोट्या गाड्यांचं ४×१००. डोळ्यांना फरक दिसत नाही. एअरगन लावली की बोल्ट आत जातात, पण तिरके. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्यांच्यावर वाकण्याचा ताण येतो आणि काही हजार किलोमीटरनंतर धातू थकून ते तुटतात. एक तुटला की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो आणि तेही पाठोपाठ जातात. सुटलेलं चाक समोरून येणाऱ्या दुचाकीवर गेलं, तर ज्याने हौस केली त्याच्यापेक्षा भलत्याच माणसाचा जीव जातो. मला या पत्राची निकड वाटते ती यासाठी.

मधल्या भोकाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण 'नवीन अलॉय टाकल्यापासून स्टिअरिंग थरथरतं' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं. बाजारातली बरीचशी अलॉय चाकं अनेक गाड्यांना चालावीत म्हणून मोठ्या भोकाची ओततात. ७३.१ मिलिमीटर हे त्यातलं नेहमीचं माप. स्विफ्टचा हब ५४.१ चा आहे. कंपनीचं चाक हबच्या कडेवर घट्ट बसून आपोआप मध्यावर येतं, नट ते फक्त दाबून धरतात. मोठ्या भोकाच्या चाकाला अशी कडाच मिळत नाही, त्याला मध्यावर आणायचं काम नटांच्या उतारावर पडतं. गाडी जॅकवर असताना चाक स्वतःच्या वजनाने किंचित खाली लटकतं. त्याच स्थितीत एक नट एअरगनने पूर्ण आवळला, तर चाक तिथेच अडकतं. अर्धा मिलिमीटरची चूकसुद्धा ८० ते ११० च्या वेगात हातांना जाणवते. मग गिऱ्हाईक पुन्हा बॅलन्सिंगला येतं. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक भोकातल्या कोनवर अगदी मध्यावर बसतं, म्हणून तिथे सगळं शून्य दाखवतं. दोष चाकात नसून ते हबवर बसण्यात आहे, तेव्हा कितीही शिसं चिकटवलं तरी थरथर जात नाही.

याचा उपाय म्हणजे हब रिंग, हब आणि चाकाचं भोक यांच्यातली फट भरणारं कडं. बाहेरून ७३.१ आणि आतून ५४.१, अशी दोन्ही मापं सांगूनच ती मागवावी. रिंग हाताच्या दाबाने बसली पाहिजे. सैल फिरणारी किंवा हातोडीने ठोकावी लागणारी चुकीच्या मापाची समजावी. रिंग प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या मिळतात. औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरते तेव्हा हब चांगलाच तापतो, म्हणून आपल्या भागात ॲल्युमिनियमची रिंग बरी. ती हबला गंजून चिकटू नये म्हणून कडेवर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. ते ग्रीस स्टडच्या आट्यांना किंवा नटाच्या चाकाला टेकणाऱ्या भागाला लागू देऊ नये. ग्रीस लागलेला नट तेवढ्याच जोरात ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.

नटांकडे तर कोणी बघतच नाही. नट बघताना आटे आणि बैठक दोन्ही तपासावी. सुझुकीच्या गाड्यांचे आटे १२×१.२५, टोयोटा, होंडा आणि ह्युंदाईचे १२×१.५. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे एअरगन मारली की आटे सोलून निघतात. म्हणून पहिले फेरे नेहमी हाताने द्यावेत. बैठक म्हणजे नटाचा चाकाला टेकणारा भाग. बाजारातल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांचा उतार असलेले नट लागतात. होंडाचे मूळ नट गोल बैठकीचे असतात, स्कोडा-फोक्सवॅगनचे बोल्टही तसेच. टोयोटाच्या काही अलॉयना वॉशरवाले सपाट नट असतात. उताराच्या भोकात गोल नट घातला, तर तो जेमतेम एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो आणि शंभर किलोमीटरमध्ये ढिला होतो. नट किती आत गेला हेही मोजावं. निदान स्टडच्या जाडीएवढे आटे धरले गेले पाहिजेत. १२×१.५ च्या स्टडवर म्हणजे पूर्ण आठ फेरे, १.२५ वर जवळजवळ दहा. मूळ स्टडवर नुसता सरकवायचा दहा मिलिमीटरचा स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) घातला, की ही पकड दहा मिलिमीटरने कमी होते. चाक बाहेर दिसावं एवढ्यासाठी असा स्पेसर घालूच नये.

चाक चढवण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून गंज आणि मातीचा थर पूर्ण काढावा. खपलीएवढा गंज जरी मध्ये राहिला तरी चाक तिरकं बसतं. टायर नसलेलं एक रिम आधी नुसतं लावून बघावं. ते हबला सपाट टेकतं का, ब्रेकच्या कॅलिपरपासून आऱ्यांचं अंतर निदान तीन मिलिमीटर आहे का, आतल्या बाजूला चिकटवलेलं शिसं कुठे घासतं का, हे बघून मगच टायर चढवावा. एकदा टायर चढवला की दुकानदार रिम परत घेत नाही. हवेचा वॉल्व्ह दर वेळी नवा घ्यावा. टायरवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर, हे चारही चाकांवर तपासावं. नट हाताने टेकवून चाक थोडं हलवत मध्यावर आणावं आणि समोरासमोरच्या क्रमाने आवळावं, शेजारी-शेजारी नाही. गाडी जमिनीला टेकवून शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने करावं. टोयोटाला १०३ न्यूटन-मीटर, ह्युंदाईला साधारण १०८ ते १२७, स्कोडाला १२०. मस्टँगच्या १४ मिलिमीटरच्या नटांना २०४ लागतात. तेवढाच जोर स्विफ्टच्या नटाला लावला तर स्टड जाईल. एअरगनने किती जोर लागला हे ती मारणाऱ्यालाही कळत नाही. नव्या अलॉयचा रंग आणि बैठक दाबली जाते, म्हणून ८० ते १०० किलोमीटरनंतर नट थंड असताना पुन्हा टॉर्क तपासावा. हे काम फुकट करून देणारा दुकानदार माझ्या मते चांगला.

रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या चेहऱ्यापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर म्हणजे ऑफसेट. त्याचं गणित दिसतं तेवढं अवघड नाही. मूळ रिम ६ जे (सहा इंच रुंद) आणि ऑफसेट ४५, नवं ७ जे आणि ३५, असं धरू. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिलिमीटर. ऑफसेट दहाने कमी झाला, म्हणजे सगळं चाक आणखी दहा बाहेर. बाहेरची कडा २२.७ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली फक्त २.७ आत गेली. वीस-बावीस मिलिमीटर बाहेर आलेलं चाक पाच माणसं आणि सामान भरलं की मडगार्डला घासतं, खड्ड्यात स्टिअरिंगला झटके देतं आणि हबच्या बेअरिंगवर तिरका भार टाकतं. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात खडी मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर उडवतो. मूळ ऑफसेटच्या पाच-सात मिलिमीटरच्या आत राहावं. बसवून झाल्यावर गाडी पूर्ण भरून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, गतिरोधकावरून हळू नेऊन घासण्याचा आवाज येतो का ते ऐकावं. रिकाम्या गाडीवर घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नाही.

आता टायरचं माप. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर. १६ इंची रिमवर १९५/५५ घेतला तर ६२०.९, म्हणजे स्पीडोमीटर बरोबर राहतो. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५. त्याजागी गाडी दांडगी दिसावी म्हणून २३५/७५ घातले की तो ७३३.५ होतो, सव्वाचार टक्के जास्त. मीटरवर १०० दिसतात तेव्हा गाडी १०४ च्या वेगात असते. चढाला क्लच जास्त घासतो आणि जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवणं शहाणपणाचं.

भाराचा आकडा तर सगळेच विसरतात. १८५/६५ आर १५ वर बहुधा ८८ असतो, म्हणजे एका टायरला ५६० किलो. वरच्या १९५/५५ आर १६ चा नेहमीचा आकडा ८७, म्हणजे ५४५. टायर रुंद झाला, दिसायला दमदार झाला आणि चारही मिळून ६० किलो कमी उचलू लागला. तिथे ९१ एक्स्ट्रा लोड घ्यावा, त्याची क्षमता ६१५ किलो. मात्र ती पूर्ण क्षमता जास्त हवेवरच मिळते, जुन्या दाबावर नाही. लग्नसराईत सात जण आणि टपावर सामान घेऊन तुळजापूरला निघालेल्या गाडीच्या बाबतीत हा फरक कागदावरचा राहत नाही.

आणि आपले रस्ते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ताही खालीवर होतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांखाली कडा खचतात. १६५/८० आर १४ टायरची भिंत १३२ मिलिमीटर उंच असते, १९५/५५ ची १०७, २०५/४५ आर १७ ची फक्त ९२. रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात उरतं ते एवढंच रबर. पातळ भिंत चेमटली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, त्यावर घरापर्यंतसुद्धा वेगाने जाऊ नये. मराठवाड्यात रोज चालणाऱ्या गाडीला शंभरच्या आत भिंत नको, हे माझं स्पष्ट मत आहे.

समृद्धी महामार्गावर आणखी एक गोष्ट येते. तिथे ताशी १२० ची मुभा आहे, काँक्रीट तापलेलं असतं आणि मे महिन्यात जालन्याच्या आसपास पारा चाळिशीच्या बराच वर असतो. टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्यामुळे. भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आत उष्णता साठते आणि थर सुटतात. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी लिहिली आहे तेवढी भरावी. धावून तापल्यावर चार-सहा पीएसआय वाढलेले दिसतात. ते वाढणारच, ती हवा सोडू नये. नायट्रोजन भरला म्हणून कमी दाब चालतो असंही नाही. जुना साठा टाळायला टायरच्या भिंतीवरच्या डीओटी क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायरचं आयुष्य संपलं, मग भिंत कितीही चकचकीत असो.

जुनी अलॉय स्वस्तात मिळतात, पण वेल्डिंग केलेलं रिम घेऊ नये. ओतीव ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या कडेला नरम पडतं आणि चीर तिथूनच पुढे सरकते. संशय असेल तर आतून रॉकेल लावून, पुसून, बाहेरून खडूची पूड टाकावी. चीर असेल तर ओली रेघ उमटते. नव्या रिमवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए या जपानी दर्जाच्या खुणा, कमाल भार आणि ऑफसेट ओतीवातच असावेत. फक्त स्टिकरवर असतील तर विश्वास ठेवू नये. टायरवर आयएसआय खूण पाहावी.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी मूळ तपशिलापासून बदलता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेलं माप घेणं. ज्या स्विफ्टला १६५/८० आर १४ आहेत, तिच्या वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ मिळतात. व्यासातला फरक दोन मिलिमीटरही नाही, हब तोच, ऑफसेटची भानगड नाही. अलॉय घेतल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावं.

शेवटी स्टेपनी. ती बहुधा जुन्या लोखंडी रिमचीच राहते आणि नव्या अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही. जुने नट दुकानात सोडून येऊ नयेत. पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवावेत. स्टेपनीचा व्यास नव्या टायरपेक्षा वेगळा असेल, तर ती ८० च्या वर पळवू नये आणि पुढच्या चाकाच्या जागी लावून लांबचा प्रवास करू नये.

मराठवाड्यातल्या टायर विक्रेत्यांना आणि त्यांच्या संघटनांना माझी विनंती आहे : अलॉयच्या प्रत्येक बिलावर पीसीडी, मधलं भोक आणि रिंगचं माप, रिमची रुंदी, ऑफसेट, नटाचे आटे व बैठक, टायरचं माप व भाराचा आकडा आणि लावलेला टॉर्क लिहा. गिऱ्हाइकांनी हे आकडे पैसे देण्याआधी मागावेत, आणि ज्या दुकानात टॉर्क पाना नाही तिथे चाकं बसवून घेऊ नयेत.

आपला,
चाक-टायरच्या कामातला एक वाचक,
जालना